एएलई असलेला एचएफ संच: बटण दाबण्याआधीचे काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेकडे दूरदूर विखुरलेली वीसेक ठाणी आणि काही वाहनांवरचे संच आहेत. आजवर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हाक देऊन एचएफवर, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी रेडिओवर, बोलणे होत असे. आता ऑटोमॅटिक लिंक एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एएलई, असलेले संच आले आहेत. कॉलचे बटण दाबल्यावर कधी काही सेकंदांत लिंक होते, कधी दोन-दोन मिनिटे संच एकामागून एक चॅनेल बदलत राहतो आणि शेवटी लिंक झाली नसल्याचे दाखवतो, तर कधी लिंक होऊनही समोरच्याचे बोलणे कळत नाही. अशा वेळी ऑपरेटरने करायचे काय, साउंडिंग (ठाण्याने ठरावीक अंतराने आपली ओळख प्रक्षेपित करणे) किती वेळाने ठेवायचे, आणि तिसऱ्या पिढीचे एएलई घेतल्यास हे प्रश्न सुटतील का, असे विचारले आहे.

एएलईमुळे ऑपरेटरचे बहुतेक काम कॉलच्या क्षणापासून मागे, संचाच्या मांडणीच्या वेळेकडे सरकते. कोणते चॅनेल द्यायचे, कोणत्या ठाण्याला कोणता पत्ता द्यायचा, स्कॅनचा वेग किती ठेवायचा, अँटेना कशी उभारायची, हे सगळे बटण दाबण्यापूर्वीच ठरलेले असते आणि बटण दाबल्यावर संच फक्त त्या निर्णयांची फळे देतो. आपण वर्णन केलेल्या तिन्ही तक्रारींची मुळे मला याच निर्णयांमध्ये दिसतात. त्यांपैकी एकाही तक्रारीसाठी संच दुरुस्तीला पाठवण्याची घाई करू नये.

दुसऱ्या पिढीचे एएलई, जे आजही वेगवेगळ्या उत्पादकांच्या संचांना एकमेकांशी जोडणारी समान भाषा आहे, ते १९८८ मधील मिल-एसटीडी-१८८-१४१ए या अमेरिकी लष्करी मानकातून आले. त्याआधी प्रत्येक उत्पादकाची आपापली पद्धत होती आणि एकाचा संच दुसऱ्याला ओळखत नसे. या पद्धतीत ७५० ते २५०० हर्ट्झ यांदरम्यान २५० हर्ट्झच्या अंतरावरचे आठ सूर वापरले जातात. प्रत्येक सूर ८ मिलिसेकंद टिकतो आणि तीन बिट वाहून नेतो. एका एएलई शब्दात तीन अक्षरे आणि तो शब्द कशासाठी आहे हे सांगणारे तीन बिट, असे एकूण २४ बिट असतात. चूक सुधारण्यासाठी गोले संकेतन करून आणि तिहेरी पुनरावृत्ती करून तो शब्द हवेत ३९२ मिलिसेकंद घेतो. लिंक होण्यासाठी तीन पायऱ्या लागतात: कॉल करणाऱ्याची हाक, समोरच्याचे उत्तर आणि ते उत्तर मिळाल्याची पोच. तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या म्हणजे दोन्ही संच एकाच चॅनेलवर थांबतात, स्पीकर उघडतात आणि घंटी वाजते. म्हणून लिंक झाली याचा अर्थ त्या चॅनेलवर दोन्ही दिशांनी संकेत पोहोचले, एवढा नक्की होतो. त्याहून जास्त काही होत नाही, याकडे मी पुढे येईन.

आता दोन मिनिटांच्या निष्फळ कॉलचा हिशेब पाहू. प्रत्येक संच रिकाम्या वेळी आपल्या यादीतील चॅनेल एकामागून एक ऐकत असतो. दहा चॅनेल आणि सेकंदाला दोन चॅनेल हा वेग धरला तर एक फेरी पाच सेकंदांत पूर्ण होते. कॉल करणाऱ्याला समोरचा संच या क्षणी कोणत्या चॅनेलवर आहे हे ठाऊक नसते, म्हणून त्याला एकाच चॅनेलवर किमान पाच सेकंद हाक देत राहावे लागते, त्यानंतर पूर्ण पत्ता आणि स्वतःची ओळख पाठवावी लागते, आणि मग उत्तराची वाट पाहावी लागते. बोलण्यापूर्वी चॅनेल मोकळा आहे का हे ऐकणे आणि ट्यूनर (अँटेना त्या फ्रिक्वेन्सीला जुळवणारे उपकरण) जुळवणे धरून एका चॅनेलवरच्या प्रयत्नाला सहज दहा-बारा सेकंद जातात. दहाही चॅनेलवर प्रयत्न फसला की दोन मिनिटे झालीच. सेकंदाला पाच चॅनेल हा वेग ठेवल्यास फेरी दोन सेकंदांवर येते आणि हाक तेवढीच आखूड करता येते, परंतु त्यासाठी जाळ्यातील प्रत्येक संच त्याच वेगाने स्कॅन करणारा असला पाहिजे.

येथेच सर्वाधिक गफलत होते. कॉल करणाऱ्या संचाला समोरच्याची फेरी किती लांब आहे हे स्वतःहून कळत नाही; ते आपण मांडणीत सांगितलेले असते, किंवा संच स्वतःच्या यादीवरून आणि वेगावरून ते गृहीत धरतो. एका ठाण्याने वेग वाढवून पाच केला आणि बाकीची दोनवरच राहिली, तर त्या ठाण्याची दोन सेकंदांची हाक पाच सेकंदांच्या फेरीत निम्म्याच्या आसपास वेळाच पकडली जाईल. लक्षण फार फसवे असते: त्या ठाण्याचे स्वतःचे कॉल कधी लागतात कधी लागत नाहीत, पण त्याला आलेले कॉल मात्र बिनचूक लागतात. ऑपरेटर मग हवामानाला किंवा आयनांबराला, म्हणजे एचएफ लहरी परत जमिनीकडे वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांना, दोष देत बसतो. हाच प्रकार कोणी स्थानिक सोयीसाठी आपल्या यादीत चार-पाच जादा चॅनेल घातले तरी होतो, कारण त्याची फेरी लांबते आणि इतरांच्या हाका त्याच्यासाठी तोकड्या पडतात. म्हणून वेग, चॅनेलची यादी आणि हाकेची लांबी या तीन गोष्टी संपूर्ण जाळ्यासाठी एकाच फाइलमधून भराव्यात आणि ठाण्यावर कोणालाही त्या बदलू देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

पत्त्यांबद्दल एक बारकावा सांगतो, कारण तो माहितीपुस्तिकांत असला तरी फारसा वाचला जात नाही. पत्ता पंधरा अक्षरांपर्यंत असू शकतो, पण हाकेच्या त्या लांब, पुन्हा पुन्हा पाठवल्या जाणाऱ्या भागात पत्त्याचा फक्त पहिला शब्द, म्हणजे पहिली तीन अक्षरे, असतात. पूर्ण पत्ता नंतर येतो. सर्व ठाण्यांच्या पत्त्यांची सुरुवात संस्थेच्या नावाच्या त्याच तीन अक्षरांनी केली, तर कोणालाही दिलेल्या प्रत्येक हाकेला ऐकू येणारा प्रत्येक संच थांबतो, पूर्ण पत्ता येईपर्यंत वाट पाहतो, मग आपल्यासाठी नाही म्हणून पुन्हा स्कॅन सुरू करतो. तेवढा वेळ तो दुसऱ्या कोणाच्याही हाकेला बहिरा असतो. पहिल्या तीन अक्षरांतच ठाणी वेगळी पडतील अशी रचना करावी. शक्य असल्यास पत्ता तीन अक्षरांचाच ठेवावा, म्हणजे संपूर्ण व्यवहार एकेका शब्दात उरकतो. संस्थेची ओळख पत्त्यात कोंबण्यापेक्षा ती बोलताना सांगणे बरे.

चॅनेलच्या निवडीवर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण एएलई आपण दिलेल्या यादीतूनच निवड करते आणि यादीत योग्य फ्रिक्वेन्सी नसेल तर ती निर्माण करू शकत नाही. मला दाखवल्या जाणाऱ्या याद्यांमध्ये पुष्कळदा सात आणि आठ मेगाहर्ट्झच्या दरम्यानच पाच चॅनेल असतात, कारण परवानगी तेथे सहज मिळाली. ते पाचही जवळजवळ एकाच वेळी चालू होतात आणि एकाच वेळी बंद पडतात; संचाला निवडण्यासारखे काही उरत नाही, फक्त फेरी लांबते. दिवसा आयनांबराचा खालचा ‘डी’ थर कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो आणि ‘एफ-२’ थर उंच फ्रिक्वेन्सीही परत वळवतो. रात्री ‘डी’ थर विरतो, पण ‘एफ-२’ ची घनताही उतरते. म्हणजे कोणत्याही मार्गासाठी वापरण्याजोगी खिडकी दिवसभरात वर-खाली सरकत असते. तिच्या वरच्या टोकाच्या, म्हणजे कमाल वापरयोग्य फ्रिक्वेन्सीच्या, सुमारे ८५ टक्क्यांवर काम करणे हा जुना नियम आजही उपयोगी आहे. यादीतील शेजारशेजारचे चॅनेल साधारण सव्वापटीच्या अंतरावर ठेवले, तर खिडकी कोठेही असली तरी एक-दोन चॅनेल तिच्यात सापडतात. समजा ठाण्यांमधील अंतरे तीन-चारशे किलोमीटरच्या आतली आहेत. मग अडीच ते आठ मेगाहर्ट्झ एवढा पल्ला बहुधा पुरतो आणि त्याला सहा-सात चॅनेल पुष्कळ झाले. हजार-दोन हजार किलोमीटरचे मार्ग असतील तर दिवसासाठी दहा ते अठरा मेगाहर्ट्झमधील चॅनेल लागतीलच. दोन्ही प्रकारची ठाणी असतील तर मी दोन वेगळे स्कॅन गट करतो, कारण जवळच्या ठाण्याला सोळा मेगाहर्ट्झ ऐकत बसवून काहीच साधत नाही.

दिवसाचा गट आणि रात्रीचा गट वेगळे करण्याची कल्पना ऐकायला चांगली वाटते, पण गट बदलण्याची वेळ ठाण्यावरच्या माणसाने लक्षात ठेवायची असेल तर ती करू नये. एक ठाणे दिवसाच्या गटात आणि दुसरे रात्रीच्या गटात अडकले की दोघांमध्ये समान चॅनेल उरत नाही. करायचेच असेल तर दोन्ही गटांत निदान तीन चॅनेल समान ठेवावेत आणि बदल संचाच्या घड्याळानुसार, जागतिक प्रमाणवेळेवर व्हावा. पहाटेपूर्वीचा तास विशेष जपावा लागतो. तेव्हा ‘एफ-२’ ची घनता सर्वांत कमी असते, आणि जवळच्या मार्गांसाठी कधीकधी तीन मेगाहर्ट्झच्या खालचा चॅनेलच काम देतो. तो यादीत नसेल तर त्या तासात कितीही कॉल केले तरी लिंक होणार नाही, आणि त्यात संचाचा काहीही दोष नसतो.

साउंडिंग म्हणजे ठाण्याने कोणालाही उद्देशून नसलेली आपली ओळख प्रत्येक चॅनेलवर ठरावीक अंतराने पाठवणे. ऐकणारे संच त्यावरून सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तर व चुकीच्या बिटांचे प्रमाण मोजतात आणि त्या ठाण्यासाठी कोणता चॅनेल किती चांगला याचे गुण एलक्यूए या तक्त्यात लिहितात. पुढचा कॉल त्या तक्त्यातील सर्वांत चांगल्या चॅनेलपासून सुरू होतो, म्हणून लिंक लवकर लागते. हे पाहून ऑपरेटरला वाटते की साउंडिंग जितके जास्त तितके उत्तम. हिशेब वेगळेच सांगतो. दहा चॅनेल, पाच सेकंदांची फेरी आणि त्यामुळे प्रत्येक चॅनेलवर सुमारे सहा सेकंदांचे साउंडिंग, असे वीस ठाण्यांनी तासाला एकदा केले तर एका तासात एकूण वीस मिनिटांचे साउंडिंग हवेत जाते. तेच दर पंधरा मिनिटांनी केले तर तासाला ऐंशी मिनिटे होतात. म्हणजे कोणत्याही क्षणी दहापैकी सरासरी एकाहून जास्त चॅनेलवर कोणी ना कोणी साउंडिंग करत असते. त्यात कॉलला चॅनेल व्यस्त दिसतो, स्कॅन करणारे संच जागोजागी अडखळतात आणि साउंडिंग करणारे ठाणे तेवढा वेळ स्वतः काहीच ऐकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की मोठी अँटेना आणि पुरेशी शक्ती असलेल्या मुख्य ठाण्यांनीच साउंडिंग करावे, तेही तासाला एकदा किंवा त्याहून कमी वेळा, आणि सर्वांनी तासाच्या ठोक्यावर एकदम सुरू न करता आपापल्या ठरलेल्या मिनिटांना करावे. वाहनांनी साउंडिंग करू नये. त्यांनी मुख्य ठाण्याचे ऐकून आपला तक्ता भरावा. बहुतेक कॉल वाहनाकडूनच मुख्य ठाण्याकडे जातात, तेव्हा ज्याला तक्ता हवा त्याच्याकडे तो असतो. ज्या जाळ्यात दिवसभर कॉल चालूच असतात तेथे साउंडिंग जवळजवळ बंद ठेवले तरी चालते, कारण प्रत्येक कॉलमधूनही तोच तक्ता अद्ययावत होत असतो.

तक्ता वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे गुणांचे वय. सकाळी दहाला मिळालेले उत्तम गुण संध्याकाळी सातला निरर्थक असतात, आणि काही संच जुने गुण आपोआप पुसत नाहीत. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. साउंडिंगवरून मी समोरच्याला किती चांगला ऐकतो एवढेच कळते. तो मला किती ऐकतो हे कळत नाही. १२५ वॅटचे मुख्य ठाणे आणि २० वॅटचा पाठीवरचा संच यांच्यात शक्तीचाच फरक सुमारे ८ डेसिबलचा असतो. शिवाय मुख्य ठाणे बहुधा वस्तीत असते, जेथे स्विचिंग पॉवर सप्लाय, एलईडी दिवे आणि सौर इन्व्हर्टर यांचा गोंगाट असतो, तर लहान संच शांत माळावर असतो. माळावरचा ऑपरेटर तक्त्यात उत्तम गुण पाहतो, कॉल करतो आणि उत्तर येत नाही, कारण त्याचा आवाज तिकडच्या गोंगाटात बुडालेला असतो. कॉलच्या देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंचे गुण मिळतात. म्हणून जो चॅनेल प्रत्यक्ष लिंक देतो त्यावर केवळ साउंडिंगच्या गुणांपेक्षा जास्त विश्वास ठेवावा. आणि मुख्य ठाण्यात नवी यंत्रसामग्री घेण्याआधी तेथील गोंगाटाचा उगम शोधून तो बंद करावा. यासारखा स्वस्त आणि परिणामकारक उपाय मला दुसरा माहीत नाही.

अँटेनाबद्दल थोडक्यात सांगतो. उभी व्हिप अँटेना क्षितिजालगत शक्ती फेकते, त्यामुळे भूलहरीचा, म्हणजे जमिनीलगत जाणाऱ्या लहरीचा, पल्ला संपल्यानंतर पुढचे शंभर-दोनशे किलोमीटर बहुधा कोरडे जातात. त्या अंतरासाठी जमिनीपासून कमी उंचीवरची आडवी डायपोल (मध्यभागी जोडणी असलेली तारेची अँटेना) लागते, जी जवळजवळ सरळ वर पाठवते आणि तेथून खाली परत मिळवते. वाहन थांबलेले असताना व्हिप मागे वाकवून बांधल्यानेही फरक पडतो. ट्यूनरच्या बाबतीत, प्रत्येक चॅनेल आधीच एकदा जुळवून त्याची जागा स्मृतीत ठेवावी, म्हणजे कॉलच्या वेळी काही सेकंदांऐवजी क्षणार्धात जुळणी होते. अँटेना हलवली, वाहन वेगळ्या जमिनीवर उभे केले किंवा जोडणीत पाणी शिरले की ही स्मृती खोटी ठरते आणि पुन्हा जुळवावे लागते. ट्यूनरची वेळ उत्तर देण्याच्या मुदतीपेक्षा लांबली तर हाक ऐकूनही संच वेळेत उत्तर देऊ शकत नाही. असे असल्यास मांडणीतील ट्यूनरची मुदत सर्वत्र वाढवावी.

कॉल लागत नसेल तर दोष मांडणीचा आहे की प्रसारणाचा हे आधी वेगळे करावे, नाही तर दिवस वाया जातो. त्यासाठी प्रत्येक नवा संच ठाण्यावर पाठवण्यापूर्वी एकाच टेबलावर दुसऱ्या संचाशेजारी ठेवावा, दोन्हींना अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता जिरवणारा भार, लावावा, सर्वांत कमी शक्तीवर प्रत्येक चॅनेलवर दोन्ही दिशांनी कॉल करून पाहावा. येथे आयनांबर मध्ये येत नाही. जो कॉल फसेल तो पत्ता, फ्रिक्वेन्सी, साइडबँड किंवा वेग यांपैकी काहीतरी चुकल्यामुळेच. लिंक संरक्षण, म्हणजे परक्या संचांना लिंक करू न देणारी सोय, चालू असेल तर घड्याळही तपासावे. ते संरक्षण वेळेवर आधारलेले असते, आणि वरच्या पातळ्यांवर काही सेकंदांचा फरकही संचाला हाक ओळखू देत नाही; पडद्यावर मात्र कोणतीही चूक दिसत नाही.

टेबलावर सर्व ठीक असलेला संच ठाण्यावर उत्तर देत नसेल, तर समोरचा संच स्कॅनमध्ये आहे का हे पहिले विचारावे. कोणीतरी एखादा चॅनेल ऐकण्यासाठी स्कॅन थांबवलेला असतो आणि पुन्हा सुरू करायचा राहिलेला असतो. हे कारण इतर सर्व कारणांपेक्षा जास्त वेळा निघते. बोलणे संपल्यावर लिंक तोडण्याचे बटण न दाबता मायक्रोफोन ठेवून देण्याची सवय त्याच्या खालोखाल आहे. लिंक रीतसर तोडली की संच समोरच्याला तसे कळवतो आणि दोघेही लगेच स्कॅनमध्ये परततात; न तोडल्यास वेळेची मर्यादा संपेपर्यंत दोघे तेथेच अडकून राहतात, आणि मर्यादा बंद ठेवलेली असेल तर किती वेळ हे सांगवत नाही. ती मर्यादा बंद ठेवू नये.

त्यानंतर कानांचा उपयोग करावा. स्कॅन थांबवून प्रत्येक चॅनेल काही सेकंद ऐकल्यास पुष्कळ कळते. भर दिवसा अचानक खालचे चॅनेल आधी मरून शांत झाले आणि वरचे कसेबसे जिवंत असले, तर ते सौर ज्वालेमुळे ‘डी’ थरात वाढलेले शोषण असण्याचा संभव मोठा. हे मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत टिकते आणि वरचे चॅनेल आधी सावरतात, म्हणून वरच्याच चॅनेलवर प्रयत्न करावा. भूचुंबकीय वादळात उलटे होते: कमाल वापरयोग्य फ्रिक्वेन्सी खाली येते, वरचे चॅनेल जातात, आणि ही स्थिती दिवसभर किंवा त्याहून जास्त राहू शकते. तेव्हा खालचा चॅनेल हाताने निवडून त्यावरच कॉल करावा. तक्ता या दोन्ही वेळी कालच्या परिस्थितीचे गुण दाखवत असतो, आणि त्याच्या भरवशावर संच मेलेल्या चॅनेलपासून सुरुवात करतो. एकाच चॅनेलवर कॉल करण्याची सोय जवळपास प्रत्येक संचात असते. अनुभवी ऑपरेटर ती सरावाने वापरतो.

आता तिसरी तक्रार: लिंक झाली, पण बोलणे कळत नाही. एएलईचे सूर गोंगाटाइतक्याच पातळीवर, म्हणजे तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शून्य डेसिबलच्या आसपासही, स्थिर चॅनेलवर वाचले जातात. साध्या आवाजाला सहज समजण्यासाठी त्याहून दहाएक डेसिबल जास्त लागतात. मधल्या या पट्ट्यात लिंक होत राहते आणि बोलणे होत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे लिंक तोडून दुसऱ्या चॅनेलवर कॉल करणे. संचात किमान गुणांची अट घालता येत असेल तर आवाजाच्या कॉलसाठी ती थोडी वर ठेवावी, परंतु आणीबाणीच्या कॉलसाठी ठेवू नये. दुसरा उपाय लोक विसरतात: एएलईच्या त्याच सुरांतून ९० अक्षरांपर्यंतचा लघुसंदेश पाठवता येतो. लिंक होत असेल तर तो संदेश जाण्याची शक्यता आवाजापेक्षा कितीतरी जास्त असते. ठिकाण, जखमींची संख्या, लागणारी मदत एवढे त्यात मावते. याचा सराव मात्र शांत दिवसांत करावा लागतो.

एक गोष्ट विचारलेली नाही, पण सांगणे आवश्यक आहे. एएलई संच कोणी हात न लावता स्वतःहून प्रक्षेपण करतो. साउंडिंगच्या वेळी करतो आणि कोणी हाक दिली की उत्तर देताना करतो. अँटेनावर किंवा ट्यूनरवर काम करताना, किंवा वाहनात इंधन भरताना, केवळ मायक्रोफोन काढून ठेवणे पुरेसे नाही. संचाचा वीजपुरवठा तोडावा, निदान आपोआप उत्तर आणि साउंडिंग दोन्ही बंद करावीत. त्याचप्रमाणे २१८२ किलोहर्ट्झसारखी सागरी संकटसंदेशाची फ्रिक्वेन्सी ऐकण्यासाठी ठेवली असेल तर ती साउंडिंगच्या आणि कॉलच्या यादीत चुकूनही घालू नये. स्वयंचलित प्रक्षेपणाला परवान्यात मुभा आहे का, हेही पाहून घ्यावे.

तिसऱ्या पिढीबद्दल. स्टॅनॅग ४५३८ या नाटोच्या मानकात वर्णन केलेली ही पद्धत आठ सुरांऐवजी एकाच वाहक सुराच्या कलेत (फेजमध्ये) बदल करून लहान, मजबूत तुकड्यांच्या रूपात हाक देते. तिच्या समकालिक प्रकारात सर्व संच जीपीएसच्या वेळेवर एकाच क्षणी एकाच चॅनेलवर असतात, म्हणून लांब हाकेची गरजच राहत नाही. लिंक लवकर लागते, जास्त कमकुवत संकेतावर लागते आणि मोठ्या जाळ्यात गर्दी कमी होते. आपल्याकडे वीसच ठाणी आहेत. त्यांच्यासाठी वेगाचा हा लाभ खरा असला तरी निर्णायक नाही. उलट वेळेची जुळणी ही नवी जबाबदारी येते, आणि दुसऱ्या संस्थांच्या संचांशी बोलायचे झाल्यास दुसरी पिढी चालू ठेवावीच लागते. चॅनेलची यादी चुकलेली असेल, मुख्य ठाण्यात गोंगाट असेल किंवा व्हिपमधून दोनशे किलोमीटरवर बोलायचे असेल, तर तिसरी पिढीही तेवढीच हतबल ठरेल. आधी सध्याच्या संचांवर यादी, वेग आणि पत्ते एकसारखे करावेत, प्रत्येक लिंकचा चॅनेल आणि वेळ नोंदवहीत लिहायला लावावी, आणि एका ऋतूची नोंद हातात आल्यावर खरेदीचा विचार करावा. त्या नोंदींत बहुतेक अपयशे पहाटेच्या तासात किंवा एकाच ठाण्याच्या नावावर साठलेली दिसली, तर पैसे नव्या संचांऐवजी खालच्या फ्रिक्वेन्सीच्या परवान्यावर किंवा त्या ठाण्याच्या अँटेनावर खर्च करावेत.